रिकामा टीडी: टेबल लिहिताना मी जिथे फसले

एचटीएमएलचं (वेबपानं टॅग लावून लिहायच्या भाषेचं) टेबल एका तासात येतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर रोस्पॅन (एक चौकट खालच्या ओळींतही पसरवायची सोय) असलेलं टेबल त्यांनी शेवटचं हाताने कधी लिहिलं ते एकदा विचारा. मलाही तसंच सांगितलं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी लिस्ट आणि टेबल मिळून दोन प्रॅक्टिकल झाली, जर्नलवर सही मिळाली आणि मी पुढे गेले. पुढे नोकरीच्या पहिल्याच वर्षात माझ्या एका टेबलमुळे एक आजोबा चुकीच्या दिवशी दवाखान्यात येऊन बसले. ते सविस्तर सांगणार आहे, कारण हे लिहायला घेतलंय तेच त्यासाठी.

आधी लिस्टचं उरकते. यूएल (ठिपक्यांची यादी) घ्यायचं की ओएल (आकड्यांची यादी), हे ठिपके आवडतात की आकडे यावर ठरवू नका. क्रम बदलला तर अर्थ बदलतो का, एवढंच विचारा. जातीच्या दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रं लिहिताना रेशनकार्ड आधी लिहिलं काय आणि शाळा सोडल्याचा दाखला आधी लिहिला काय, सारखंच. तिथे यूएल. तोच अर्ज ऑनलाइन भरायच्या पायऱ्या मात्र उलटसुलट करून चालणार नाहीत, तिथे ओएल. शब्द आणि त्याचा अर्थ, विभाग आणि त्याचा फोन नंबर अशा जोड्या असतील तर डीएल ही यादी, तिच्यात शब्दाला डीटी आणि अर्थाला डीडी. हे तिघे परीक्षेपुरते पाठ केले जातात आणि नंतर कुणी त्यांच्याकडे बघत नाही. मला ते फार आवडतात.

लिस्टमध्ये नवखे अडकतात ते पोटयादीपाशी. पोटयादी वरच्या एलआयच्या (यादीतल्या एका मुद्द्याच्या टॅगच्या) पोटातच हवी. म्हणजे एलआय उघडायचा, मजकूर लिहायचा, आतला यूएल पूर्ण लिहून बंद करायचा आणि मगच तो एलआय बंद करायचा. बरेच जण एलआय आधीच बंद करतात आणि आतला यूएल थेट बाहेरच्या यूएलमध्ये ठेवतात. ब्राउझरमध्ये दोन्ही जवळपास सारखंच दिसतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं टिकते. तशीच दुसरी चूक म्हणजे पी या परिच्छेदाच्या टॅगच्या आत यूएल टाकणं. ब्राउझर यूएल दिसताक्षणी तो पी स्वतःहून बंद करतो, शेवटी तुम्ही लिहिलेला बंद करणारा पी एकटा उरतो आणि त्याचा एक रिकामा परिच्छेद तयार होतो. ‘खाली ही मोकळी जागा कुठून आली’ म्हणून मी एक अख्खी दुपार मार्जिन शोधत बसले होते.

मराठी पान करत असाल तर हे तर हवंच: सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी ही किंमत देता येते. मग ओएलचे आकडे १, २, ३ असे येतात. आकडे हाताने टाइप करत बसू नका. हाताने टाइप केले की मधला एक मुद्दा काढल्यावर पुढचे सगळे बदलावे लागतात. शासन निर्णयात असतात तसे अ, ब, क हवे असतील तर काउंटर-स्टाइल हा नियम वापरून आपली स्वतःची अक्षरमाला बांधता येते.

आता टेबल.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जे पहिले टॅग मांडले, त्यांत याद्या होत्या, टेबल नव्हतं. ते अधिकृत शिफारशीत आलं जानेवारी १९९७ मध्ये, एचटीएमएल ३.२ बरोबर. तेव्हा पानाची मांडणी करायला दुसरं धड साधन नव्हतं, म्हणून लोकांनी अख्खी पानं टेबलात बसवली. त्या काळातल्या नोट्स अजून क्लासेसमध्ये फिरतात. सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग, बीजीकलर शिकवणारी झेरॉक्स हातात पडली तर परीक्षेपुरती वाचा आणि कामात ते सगळं सीएसएसने करा. पानाची मांडणी टेबलाने करूच नका. ईमेलचं एचटीएमएल तेवढं वेगळं आहे, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि तिथे अजूनही टेबलच तग धरतं.

माझं पहिलं काम होतं एका छोट्या कंपनीत. एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर बाह्यरुग्ण विभागाचं वेळापत्रक टाकायचं होतं. सात कॉलम: वेळ आणि सोमवार ते शनिवार. तीन रो: सकाळी ९ ते ११, ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७. मंगळवारी ९ ते १ सलग शस्त्रक्रिया असायच्या, म्हणून मंगळवारच्या टीडीला (टीडी म्हणजे टेबलातलं एक घर) मी रोस्पॅन २ दिला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग मी ११ ते १ ची ओळ लिहायला घेतली. वेळ लिहिली, सोमवार लिहिला. मंगळवारची जागा तर वरच्या चौकटीने घेतली आहे, मग इथे काय लिहायचं? मला वाटलं, जागा राखायला काहीतरी हवंच. मी एक रिकामा टीडी टाकला आणि पुढे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार लिहिले.

इथे थांबा आणि नीट बघा. वरून खाली आलेली चौकट मंगळवारची जागा आधीच धरून बसलेली असते. ब्राउझर ओळीतला प्रत्येक टीडी डावीकडून पहिल्या मोकळ्या जागेत ठेवतो. मंगळवार मोकळा नाही, म्हणून माझा रिकामा टीडी बुधवारखाली गेला. बुधवारची नेत्रतपासणी गुरुवारखाली, गुरुवारचे बालरोग शुक्रवारखाली, शुक्रवारचा त्वचारोग शनिवारखाली आणि शनिवारची दंततपासणी आठव्या कॉलममध्ये, ज्याच्या डोक्यावर काही नावच नाही. एका रिकाम्या टीडीने अख्खी ओळ एक घर उजवीकडे सरकवली.

आठवं घर बाहेर आलेलं मला दिसलं होतं. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत पान द्यायचं होतं. शेवटचा टीडी चुकून जास्तीचा पडला असेल असं धरून मी तो खोडला. टेबल चौकोनी दिसायला लागलं आणि मी निश्चिंत झाले.

गुरुवारी दुपारी रुग्णालयाच्या स्वागतकक्षातून फोन आला. मोतीबिंदू दाखवायला एक आजोबा पहाटेची एसटी धरून आले होते. त्यांच्या नातीने मोबाइलवर आमचं पान बघून त्यांना पाठवलं होतं. नेत्रतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन गेले होते. फोनवरच्या ताई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘तुम्ही टाकलेलं वेळापत्रक एकदा बघता का?’ ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

आता सर्वात वाईट भाग. तुम्ही म्हणाल, व्हॅलिडेटरमधून (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातून) पान का नाही तपासलं? तपासलं होतं, पण टीडी खोडल्यानंतर. आधी तपासलं असतं तर ओळ आठ कॉलम रुंद झाली आहे असं त्याने सांगितलं असतं. खोडल्यानंतर तीच ओळ बरोब्बर सात घरांची झाली होती. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी संस्थेचा व्हॅलिडेटर घरं मोजतो, बुधवारचे डॉक्टर गुरुवारी बसलेत हे त्याला कळायचं काही कारण नाही. दंततपासणी तर पानावरून नाहीशीच झाली होती आणि त्याबद्दल कुणीच कधी फोन केला नाही.

चूक दाखवली ती शेजारच्या टेबलावरच्या एका सहकारी ताईंनी. त्यांनी ड्रॉवरमधून शाळेतली चौकटीची वही काढली, गणिताची असते ना तीच. सात घरं आडवी, दिवसांच्या नावांची ओळ धरून चार उभी आखली आणि पेन माझ्या हातात दिलं. मंगळवारची दोन घरं रंगवायला सांगितली. मग म्हणाल्या, ‘आता तिसऱ्या ओळीत न रंगवलेली घरं मोज.’ सहा. ‘तेवढेच टीडी लिही.’

एवढंच आहे ते. ओळीत लिहिलेली घरं, त्यात कोलस्पॅनमुळे (चौकट आडवी पसरल्यामुळे) वाढलेली घरं, त्यात वरून खाली उतरलेली घरं. बेरीज कॉलमच्या संख्येइतकीच आली पाहिजे. माझ्या ओळीत सहा लिहायची होती आणि एक वरून आलेलं होतं, झाले सात. रोस्पॅन ३ असेल तर खालच्या दोन ओळींत एकेक घर कमी लिहायचं. एकाच चौकटीला रोस्पॅन २ आणि कोलस्पॅन २ दोन्ही असतील तर खालच्या ओळीत दोन घरं कमी. रोस्पॅन टीहेडमधून (डोक्यावरच्या ओळींच्या गटातून) टीबॉडीत (मुख्य ओळींच्या गटात) उतरत नाही, तो आपल्या गटातच संपतो, हेही तेव्हाच कळलं. आणि बेरीज जुळली तरी शेवटच्या कॉलमची घरं डोक्यावरचं नाव बघत एकेक वाचा. सरकलेली ओळ शेवटच्या घरात पकडली जाते.

घाबरू नका. हे गणित चौथीतलं आहे आणि तीन-चार टेबलं वहीत काढली की पुढे डोळ्यांना सवय होते. मी अजूनही गुंतागुंतीचं टेबल आधी कागदावरच आखते.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. वर्डमधलं टेबल कॉपी करून पेस्ट करू नका, त्याच्याबरोबर इतका कचरा येतो की दोन ओळींच्या टेबलाचा कोड दोनशे ओळींचा होतो. टेबल बनवून देणारी संकेतस्थळं किंवा एआय वापरायला माझी हरकत नाही, पण पहिली दहा टेबलं हाताने लिहून झाल्यावर. आपल्याला मोजता येत नसेल तर दुसऱ्याने दिलेलं टेबल सरकलंय हे आपल्याला कसं कळणार? शिकवणाऱ्यांबद्दलही एक सांगते. तुमच्या हातातून कीबोर्ड ओढून स्वतःच दुरुस्त करून देणारे सर खूप भेटतील आणि त्या क्षणी ते देवासारखे वाटतील. पण पेन तुमच्या हातात देणारं माणूस मिळालं तर त्याच्या शेजारी बसायला मिळेल असं बघा.

डोक्यावरची नावं टीएच (शीर्षकाच्या घराचा टॅग) मध्ये लिहा, टीडीला बोल्ड करून नव्हे. दिवसांच्या टीएचला स्कोप कॉल आणि वेळेच्या टीएचला स्कोप रो द्या. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून टेबल ऐकतो तेव्हा घरातला मजकूर आणि त्याच्या डोक्यावरचं नाव जोडलं जातं ते यामुळेच. नेत्रतपासणीचं वेळापत्रक असेल तर हे किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको. टेबलाच्या आत पहिल्याच ओळीत कॅप्शनही (टेबलाचं शीर्षक) लिहा.

मोबाइलसाठी एवढं करा: टेबलाभोवती एक डिव्ह (नुसतं वेष्टण म्हणून वापरायचा टॅग) घ्या आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे पान न हलता फक्त टेबल आडवं सरकेल. मग ते पान तुमच्या आईच्या किंवा आजोबांच्या फोनवर उघडा, त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘डोळ्यांचे डॉक्टर कधी येतात?’ उत्तर येईपर्यंत मधे काही बोलू नका.