ए प्लसची तयारी: हात चालतो, पण क्रम?

दुकानात काम शिकलेल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. मशीन चालू होतंय, पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही. आधी काय करशील? उत्तर ठरलेलं: रॅम काढायची, खोडरबरानं घासायची, परत बसवायची. बऱ्याचदा डिस्प्ले येतोही. पण ए प्लस या कॉम्पटिया संस्थेच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या परीक्षेत हे उत्तर चुकतं. तिथे आधी मालकाला विचारायचं असतं की काल काही नवीन बसवलं का, मशीन जागेवरून हलवलं का. मग मॉनिटरची पॉवर आणि केबल. कॅबिनेट उघडायची पाळी त्यानंतर.

हार्डवेअरमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी ही परीक्षा आहे. बारावीची किंवा डिप्लोमाची अट नाही. कॉम्पटिया स्वतः वर्षभराच्या प्रत्यक्ष कामाची शिफारस करते, पण तेही बंधन नव्हे. पेपर दोन, कोअर १ आणि कोअर २, आणि दोन्ही पास व्हावे लागतात.

पुस्तक घेण्याआधी नंबर बघा

मार्च २०२५ पासून २२०-१२०१ आणि २२०-१२०२ हे पेपर सुरू झाले. त्याआधीचे ११०१ आणि ११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं, तर मुखपृष्ठावरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे काढू नका. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात, जुना एक आणि नवा एक अशी जोडी चालत नाही.

मग कॉम्पटियाच्या साइटवरून अभ्यासक्रमाची यादी उतरवून घ्या. ती फुकट आहे. छापून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: येतं, नुसतं ऐकलंय, माहीत नाही. 'येतं'ची खूण करताना प्रामाणिक राहा. दुसऱ्या कुणाला समजावता येत असेल तरच ती करायची. कोअर १ मध्ये बिघाड शोधण्याला २८ टक्के वजन आहे, हार्डवेअरला २५, नेटवर्किंगला २३, मोबाइल उपकरणांना १३ आणि व्हर्च्युअलायझेशन (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणं) व क्लाउडला ११. वेळही साधारण त्याच प्रमाणात वाटा.

एक जुनं मशीन मिळवा

व्हिडिओ बघून रॅमची खाच समजत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या ऑफिसच्या अडगळीत एखादा जुना डेस्कटॉप सापडेल. बंद असला तरी चालेल, उलट बराच. प्लग काढा आणि सगळं सुटं करा: रॅम, प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा हीटसिंक, हार्डडिस्क, एसएमपीएसच्या म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या केबल. परत जोडा. २४ पिनचा कनेक्टर कुठला, हार्डडिस्कच्या दोन साटा केबलींपैकी ७ पिनची डेटाची आणि १५ पिनची पॉवरची, हे डोळे मिटून सांगता यायला हवं. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्ही डेस्कटॉप रॅमना २८८ पिन असतात, पण खाच वेगळ्या जागी. पेपरात नेमकं असंच काहीतरी विचारतात.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो. दुकानात कुणी उघडत असेल, तर त्याचं त्याला लखलाभ. पेपरातलं उत्तर एकच: डबा बदला. लॅपटॉपची फुगलेली बॅटरीही तशीच. वापर थांबवायचा, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, रीतसर विल्हेवाट लावायची.

सहा पायऱ्या

बिघाड शोधायच्या पायऱ्या पेपरात ठरलेल्या असतात. सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, आणि अनुभवी मुलं जास्त. क्रम असा: तक्रार नीट समजून घ्या, संभाव्य कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, उपायाची आखणी करून तो करा, सगळं चालतंय ना आणि पुन्हा असं होऊ नये यासाठी काय, ते बघा, शेवटी काय सापडलं, काय केलं, ते लिहून ठेवा. ही सहावी पायरी आपल्याकडे कुणीच करत नाही, म्हणून प्रश्न वाचताना ती डोक्यात येत नाही.

प्रश्नातला फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट किंवा मोस्ट लाइकली हा शब्द आधी शोधा. चारही पर्याय बरोबर दिसतील. 'पहिलं' कुठलं, एवढंच विचारलेलं असतं. उदाहरणार्थ, लेझर प्रिंटच्या कागदावरची शाई बोटानं पुसली जातेय. दुकानातली सवय म्हणेल टोनर बदल. पण टोनर कागदावर आलेला आहे, नुसता वितळून बसलेला नाही. संशय फ्यूजरवर, म्हणजे टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागावर जायला हवा. कॉम्प्युटरला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मिळालाय? म्हणजे असे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ताच आलेला नाही. असे वीसेक प्रसंग स्वतः लिहून काढा आणि मित्राला विचारायला सांगा.

पोर्ट नंबर, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवांचे ठरलेले क्रमांक, पाठच करावे लागतात, इलाज नाही. २२, ५३, ८०, ४४३, ३३८९ पासून सुरुवात करा.

कोअर २ मध्ये 'फॉरमॅट मार' ही सवय सोडायची. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षा यांना प्रत्येकी २८ टक्के वजन आहे. व्हायरस आलेलं मशीन आधी नेटवर्कपासून तोडायचं, सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी सोय) बंद करायचं, मग सफाई. रिस्टोअर परत चालू करणं शेवटाकडे, आणि सगळ्यात शेवटी वापरणाऱ्याला समजावणं.

पेपरच्या दिवशी

परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यू कंपनीच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन परीक्षा देता येते. घरी मधेच वीज जाण्याचा धोका असेल, तर केंद्रच बरं. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, हा घोळ आपल्याकडे फार होतो.

प्रत्येक पेपरला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. काही प्रश्नांत पडद्यावर जोडाजोड करायची असते, आणि ते बहुधा सुरुवातीलाच येतात. अडलात तर खूण करून पुढे जा, शेवटी परत या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. गुण १०० ते ९०० च्या मापात मिळतात. कोअर १ ला ६७५ आणि कोअर २ ला ७०० लागतात.

'खरे प्रश्न' म्हणून विकल्या जाणाऱ्या फायलींच्या नादी लागू नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

नापास झालात, तर दुसऱ्या खेपेसाठी थांबायची सक्ती नाही, तिसऱ्यासाठी मात्र १४ दिवस थांबावं लागतं. फी दर वेळी पूर्ण भरावी लागते. म्हणून लगेच तारीख घेऊ नका. गुणपत्रकावर कुठल्या मुद्द्यांत चुकलात ते छापलेलं असतं. ते तुमच्या खुणा केलेल्या यादीशेजारी ठेवा आणि 'येतं' लिहिलेल्या किती ओळी त्यात निघतात ते मोजा.