या चुका टाळा: मुगाच्या वाफ्यात उडदाची पाटी

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांनी पिकांच्या पाट्या रंगवल्या. मुगाच्या वाफ्यात शास्त्रीय नाव लिहिलं होतं, ‘विग्ना मुंगो’. मी हटकलं तर एक जण म्हणाला, “काका, मुंगो म्हणजे मूगच ना?”

नाही. विग्ना मुंगो म्हणजे उडीद. मूग म्हणजे विग्ना रेडिएटा. उडदाला ‘मुंगो’ स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये चिकटवलं. तेव्हा ही दोन्ही कडधान्यं राजम्याच्या फॅसिओलस प्रजातीत (अनेक जातींच्या मोठ्या गटात) होती. १९५०च्या दशकात ती चवळीच्या विग्नात हलली, पण नावाचा उत्तरार्ध सोबत गेला. नाव दिशाभूल करतं, एवढ्यावर ते बदलायला वनस्पतींच्या नामकरणाचे नियम परवानगी देत नाहीत. नावावर विसंबू नका, शेंग बघा. उडदाची ताठ उभी आणि लांब लवेची असते. मुगाची आडवी किंवा खाली झुकलेली, लव आखूड.

दुसरी चूक ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून येते. रानमुगाचा फोटो, खाली ‘मुगाचा पूर्वज’. ‘रान’ लागलं म्हणजे पूर्वज ठरत नाही, आणि रानमूग तर आपण अनेक वेलींना म्हणतो. खंडाळ्यावरून नाव पडलेली विग्ना खंडालेन्सिस ही सह्याद्रीतली वेगळीच जाती. मुगाचा खरा पूर्वज मुगाच्याच जातीत मोडतो, म्हणून त्याच्या नावाला तिसरा तुकडा लागतो: विग्ना रेडिएटा, व्हरायटी सब्लोबाटा. उडदाच्या रानटी रूपाला सिल्व्हेस्ट्रिस म्हणतात. वांग्याचंही तेच: काटेरिंगणी त्याची नातलग खरी, पण पूर्वज सोलॅनम इन्सानम.

इथे ‘व्हरायटी’ शब्द घात करतो. सब्लोबाटातली व्हरायटी म्हणजे जातीच्या आतला गट. बियाण्याच्या दुकानातली व्हरायटी म्हणजे माणसाने निवडलेलं वाण. टीएयू-१ हे उडदाचं वाण. ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद यांची इंग्रजी आद्याक्षरं. वाणाचं नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत लिहा. सब्लोबाटा तिरप्या अक्षरांत, अवतरणाशिवाय.

टोमॅटोच्या पाटीवर ‘लायकोपर्सिकॉन’ दिसलं तर मुलांना रागावू नका. ते अठराव्या शतकापासून बरीच वर्षं चाललेलं नाव; आता पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम म्हणतात.

(बातम्यांत ‘प्रजाती’ सर्रास येते, पण पाठ्यपुस्तकात प्रजाती हा मोठा गट आणि जाती त्याच्या आतला. पाटीवर आधी प्रजाती, मग जाती. रोमनमध्ये फक्त प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं.)

मुंगोची पाटी फेकली नाही. शेजारच्या कुंडीत उडीद पेरलाय.