कोकणात गाडीने पाच दिवस, न दमता कसं जायचं

पहिल्यांदा आम्ही पुणे ते मालवण एका दिवसात मारलं, साधारण 400 किमी, रात्री पोचलो तेव्हा मुलं रडवेली, सासूबाई गप्प आणि नवऱ्याचं नि माझं गगनबावड्यापासूनच बोलणं बंद. तेव्हापासून एकच नियम, परतीचा दिवस सोडला तर दिवसाला चार तासांच्या वर स्टिअरिंग नाही. त्याच हिशोबाने हा प्लॅन सांगतेय.

1. आधी रूट. ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून दिवेआगर. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि परत येताना आंबा घाटाने कोल्हापूर. मुक्काम चारच: दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे. वाटेत अजून दहा ठिकाणं दिसतील, ती सोडायची, जीवावर येतं पण सोडायची.

2. खाड्या फेरीबोटीनेच ओलांडा. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्हीकडे गाडी बोटीत जाते. दाभोळला बोट चुकवली तर चिपळूणवरून शंभरावर किमीचा वळसा पडतो, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. बोटीवरचा माणूस हाताने येऊ दे येऊ दे करतो आणि गाडी पुढच्या गाडीला चिकटणार असं वाटेपर्यंत थांब म्हणत नाही, तेव्हा घाबरायचं नाही, त्याला कळतं. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सगळे खाली उतरा. खरं सांगू, जेट्टीवर बोटीची वाट बघत अर्धा तास बसायला लागतं ना, तीच आमची सगळ्यात आवडती वेळ, कारण तिथे कोणालाच काही करता येत नाही. मागच्या वेळी नवऱ्याने तिथे लॅपटॉप उघडला, सासूबाईंनी न बोलता त्यावर शेंगांचा कागद पसरला आणि टरफलं टाकायला सुरुवात केली.

3. भरतीचं गणित शिकून घ्या. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला आठ पाऊणे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. थोडं मागेपुढे होतं, पण समुद्रावर कधी जायचं ते यावरून ठरवता येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर फक्त ओहोटीलाच करायची आणि तीही तिथल्या माणसाला विचारून, त्या खडकांवरून लाटांनी माणसं ओढून नेलीयत. आणि गाडी वाळूत नेऊ नका, ओल्या वाळूत चाक रुतलं की वरून भरती येते, मग ट्रॅक्टरवाला सांगेल ते पैसे.

4. राहायचं घरगुती ठिकाणी. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा, कमोड आहे का, इन्व्हर्टर आहे का, गाडी आत लागते का. आम्ही एकदा विचारलं नाही आणि सासूबाईंना दोन जिने चढावे लागले. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा, किती पानं ते पण. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगितलेले बरे, ऐनवेळी मागाल तर नारळ खवण्यापासून सुरुवात असते.

5. गाडीचं: टायरमधली हवा गाडी थंड असताना बघा, स्टेपनीची पण. टाकी अर्धी झाली की भरून टाका, किनाऱ्याच्या रस्त्याला पंप लांब लांब आहेत. घाटात ज्याला मळमळतं त्याला पुढे बसवा, पोट अगदी रिकामं नको आणि गच्च पण नको, आणि मोबाईल बंद. आलेपाक हाताशी ठेवा.

6. परत यायचं शनिवारी, रविवारी नाही. रविवारी संध्याकाळी हायवेला जो ट्रॅफिक असतो त्यात पाच दिवस वाहून जातात. घरी आल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुवून घ्या, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. आणि मुलांनी गोळा केलेले शिंपले त्याच रात्री डिकीतून काढा, आमच्याकडे एकात अजून कोणीतरी राहत होतं आणि सोमवारी पार्किंगमध्ये सगळ्या बिल्डिंगला ते कळलं.