बॉलच्या एरोडायनॅमिक्सवर प्रोजेक्ट घेताय? मग हे आधी वाचा

मी फोंड्याचा, भात कापून झालं की शेतात फुटबॉल हे ठरलेलंच, त्यामुळे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला बॉलवर प्रोजेक्ट घेतला तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही. यंदा दोघातिघांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय.

बॉल गुळगुळीत तितका बरा, हे आधी डोक्यातून काढा. बॉलला लागून हवेचा पातळ थर वाहतो, खडबडीतपणामुळे तो खवळतो आणि खवळलेला थर बॉलला उशिरा सोडतो, मग मागची भोवऱ्यांची शेपटी अरुंद होते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, कमी. गोल्फ बॉलवर खळगे असतात ते यासाठीच, त्यांनी ड्रॅग जवळपास निम्मा होतो. 2010 च्या वर्ल्डकपचा जाबुलानी हा बॉल 8 पॅनेलचा (वरच्या आवरणाचे तुकडे) आणि फारच गुळगुळीत, न फिरवता जोरात मारला की हवेत डुलायचा, गोलकीपर वैतागले होते. 2014 च्या ब्राझुकाला तर 6 च पॅनेल, पण शिवण जाबुलानीच्या दीडपटीहून लांब आणि खोलही, म्हणून तो सरळ जायचा. पॅनेल मोजत बसू नका, शिवण बघा!

आता आमची चूक. आम्ही हौसेने फुटबॉलच घेतला. त्याचा व्यास 22 सेंमी, आमच्या विंड टनेलचं (पंख्याने वारा सोडून वस्तू तपासायचा बोगदा) तोंड 30 बाय 30 सेंमी, म्हणजे चाळीस टक्क्यांवर वाट बॉलनेच अडवलेली, ते रीडिंग कशाचंच नव्हतं. छोटं मॉडेल करावं तर व्यास एक तृतीयांश केला की रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकार मिळून हवा कशी वाहणार ते सांगणारा आकडा) तोच ठेवायला वारा तिप्पट लागतो, तेवढा आमच्या पंख्याला दम नाही. दीड महिना गेला. शेवटी क्रिकेटचा बॉल घेतला, 7 सेंमीचा, वाट फक्त चारेक टक्के अडते आणि स्विंगचा वेग टनेलमध्ये सहज मिळतो. तेव्हा टनेलचं माप आधी घ्या, बॉल मग ठरवा.

हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर काढायच्या सॉफ्टवेअरसाठी ओपनफोम फुकट आहे, पण आधी साध्या गोल गोळ्यावर ड्रॅग काढून पुस्तकातल्या आलेखाशी जुळवा, शिवणीचं मेशिंग (आजूबाजूच्या हवेचे बारीक चौकटीत तुकडे पाडणं) नंतर, त्यात आठवडे जातात.

आणि शिवणकामाचा दोरा जवळ ठेवा. शिवण वाऱ्याला वीसेक अंश तिरकी ठेवून बॉलच्या मागच्या अर्ध्या भागावर दोऱ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चिकटवले, वारा सोडला, तर गुळगुळीत बाजूचे दोरे लगेच फडफडायला लागले आणि शिवणीच्या बाजूचे अजून चापून बसलेले, म्हणजे तिथे खवळलेला थर बॉलला उशिरा सोडतोय, आणि दोन बाजूंच्या या फरकानेच बॉल वळतो. स्विंग म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.