पायथनमध्ये टपल() वापरताना

टपल म्हणजे पायथनमधली, एकदा बनवली की बदलता न येणारी घटकांची यादी, आणि ती बनवणारं फंक्शन टपल(). रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये टपल(३, ४) दिसलं की पुढचं वाचायच्या आधीच मी कमेंट टाकते. टपल() एकच आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) घेतं, तेही लूप फिरवता येईल असं. दोन दिलीत की टाइपएरर, म्हणजे पायथनची चुकीची सूचना. टपल(५) दिलंत तरी टाइपएररच, कारण पूर्णांकावर लूप फिरत नाही. टपल([३, ४]) चालेल. पण आकडे समोरच असतील तर टपल() हवंच कशाला? नुसतं ३, ४ लिहा. टपल स्वल्पविरामाने होतो, कंसाने नाही: (५) म्हणजे साधा पाच, (५,) म्हणजे टपल.

एरर आली तर बरंच म्हणायचं. खरा घोळ स्ट्रिंगचा, म्हणजे अवतरणातल्या मजकुराचा. एका घटकाचा टपल हवा म्हणून कोणीतरी टपल('पुणे') लिहितं आणि हातात येतात चार घटक: प, उकार, ण, मात्रा. स्ट्रिंगवरचा लूप युनिकोडच्या कोड पॉइंटनुसार (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकानुसार) चालतो आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा-वेलांटीला आपला वेगळा कोड पॉइंट आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या क्वेरीत किंमतीच्या जागी एकच प्रश्नचिन्ह असताना पॅरामीटर म्हणून ('पुणे') दिलंत, तर ती नुसती स्ट्रिंगच राहते आणि तक्रार येते की बाइंडिंग (प्रश्नचिन्हाच्या जागी जाणारी किंमत) एक हवं होतं, मिळाली चार. ही 'चार' कुठून आली ते शोधण्यात भल्याभल्यांची दुपार जाते. उपाय एका स्वल्पविरामाचा: ('पुणे',).

टपल()ला डिक्शनरी (की आणि किंमत यांच्या जोड्या) दिलीत तर फक्त कीज येतात; जोड्या हव्या असतील तर आयटम्स() द्या. जनरेटर, म्हणजे मागाल तसा एकेक घटक देणारा, एकदा वापरला की संपला, दुसऱ्यांदा त्यातून रिकामा टपल निघतो.

लिस्ट()ला लिस्ट दिलीत तर ते दरवेळी नवी प्रत काढतं. टपल()ला टपल दिलात तर मात्र तोच ऑब्जेक्ट परत मिळतो. बदलताच येत नाही, तर प्रत कशाला?

टाइप हिंटमध्ये (कोडमध्ये किंमतीचा प्रकार लिहून ठेवतात तिथे) सवय मोडावी लागते. लिस्ट[इंट] म्हणजे कितीही इंट, पण टपल[इंट] म्हणजे बरोब्बर एक. कितीही हवे असतील तर टपल[इंट, ...], तीन टिंबांसकट. ही लिहिण्याची पद्धत पायथन ३.९ पासून चालते. कोड चालताना हे कोणी तपासत नाही, मायपायसारखं टाइप तपासणारं साधन चालवलंत तरच कळेल.

नेम्डटपलचं (घटकांना नावं असलेल्या टपलचं) उलट: त्याला घटक सुटे लागतात, जसं पॉइंट नावाच्या नेम्डटपलला पॉइंट(३, ४). हाताशी लिस्ट असेल तर तिच्या आधी तारा (*) लावून ती उलगडा. आणि टपलचा सबक्लास (टपलवर आधारलेला स्वतःचा प्रकार) करून घटक स्वतः ठरवायचे असतील तर ते 'इनिट' (__init__) मेथडमध्ये जमणार नाही, तोवर टपल भरून झालेला असतो. ऑब्जेक्ट बनवणारी 'न्यू' (__new__) मेथड ओव्हरराइड करा, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहा.