वाळूत शेण कुजत नाही, वाळतं
पुळणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतल्या, नव्या बागेत गुलाब लावणाऱ्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

हस्त सरून चित्रा लागलं की अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर शेणाच्या ट्रॉल्या धावायला लागतात. अक्षी, नागाव, चौल या पट्ट्यात कुणी वाडी साफ करून बंगला बांधलेला असतो, कुणी पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या असतात, कुणी नुसतीच हौस म्हणून दोन गुंठे मोकळे ठेवलेले असतात. सगळ्यांना दिवाळीच्या आत गुलाब हवा असतो. खड्डा मारला, ट्रॉलीतलं शेण ओतलं, वर झाड ठेवलं, पाणी मारलं. डिसेंबरात मला फोन येतो.

मागच्या वर्षी असंच एका वाडीत गेलो. दीडशे कलमं, सगळी ग्लॅडिएटर जातीची, पैसा चांगला ओतलेला. पानं पिवळट, शेंडे माना टाकलेले. मालक म्हणाले, "काका, औषध सांगा." मी एक झाड बुंध्याशी धरून जरा वर ओढलं, तर ते मुळ्यासारखं हातात आलं. खाली मुळं नव्हतीच, कुरतडलेला खुंट तेवढा राहिला होता. खड्ड्यात हात घातला तर शेणाचे गोळे जसेच्या तसे, वरून विटेसारखे कडक, आत हिरवट आणि उग्र वासाचे. त्यांच्यामध्ये इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या तीन पांढऱ्या अळ्या. हुमणी, मुळं खाणारी. दीडशेतली चाळीस झाडं राहिली.

"शेण ते शेण, जमिनीत गेलं की कुजेलच की," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. भाताच्या खाचरात कुजेल. काळ्या जमिनीत उशिरा का होईना, कुजेल. पुळणीत पाऊस गेल्यावर वरचा थर लवकर कोरडा पडतो. शेणाचा गोळा बाहेरून वाळतो, वाळला की पुन्हा भिजायला तयार होत नाही, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना ओल लागते ती मिळत नाही. म्हणून म्हणतो, वाळूत शेण कुजत नाही, वाळतं.

नुकसान चार बाजूंनी होतं. पावसात उघड्यावर पडलेल्या ढिगात हुमणीची अंडी-अळ्या आधीच असतात, त्या ट्रॉलीबरोबर तुमच्या दारात येतात. वाळलेल्या शेणाला वाळवी लागते आणि शेण संपलं की ती खोडाकडे वळते. शेणात गोठ्यातला पेंढा असेल तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो, झाड पिवळं पडतं, मग दुकानदार हिरवेपणासाठी टॉनिकची बाटली हातात देतो. चौथी गोष्ट कुणी बोलत नाही: कच्चं शेण हळूहळू बसतं, त्याबरोबर झाड खाली जातं, कलमाचा डोळा, म्हणजे कलम भरलं तो सांधा, मातीत गाडला जातो. तिथे कूज लागते, नाहीतर खालच्या खुंटाचे, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम केलं त्याचे, फुटवे जोर धरतात आणि दोन वर्षांनी विचारता, लाल गुलाबाला बारीक पांढरी फुलं का आली.

ढीग ओळखायचा कसा

ट्रॉली रिकामी करण्याआधी हे करा, नंतर नाही. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून मुठीत धरा. चटका बसला तर माल कच्चा. सळई गार निघाली म्हणून लगेच हुरळू नका, कोरडा ढीग कच्चा असला तरी गार असतो. मूठभर खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सावलीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तर घ्या. नाकाला झोंबला किंवा आंबूस आला तर परत पाठवा. शंका राहिलीच तर त्यात मेथी पेरा. कच्च्या खतात ती धड उगवत नाही.

अळी दिसली तर सगळीच हुमणी नसते. सपाट जागी ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरकत गेली तर ती कुजकं खाणारी, गुलाबाच्या मुळांना तिचा त्रास नाही. अंगठ्याएवढी जाड असेल तर बहुधा गेंड्या भुंग्याची. ती गुलाब खात नाही, पण तिचा भुंगा शेजारच्या माडाचा कोंब पोखरतो, तेव्हा तिला सोडू नका. कुशीवर वेटोळी पडून राहणारी, तपकिरी डोक्याची, ती आपली वैरीण. कोंबड्या असतील तर ढीग पसरून दोन दिवस त्यांच्या हवाली करा. इतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

हुमणीसाठी मेटारायझियम या बुरशीची शिफारस हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो, कुजलेल्या खतात मिसळून द्यायची आहे. दोन गुंठ्यांना ४०० ग्रॅम पुरतं. पाकिटावरची तारीख बघा आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या दुकानातून घेऊ नका. बुरशी जिवंत असते, तिथे ती मरून पडलेली असते. ओल नसेल तर तीही काम करत नाही, म्हणजे फिरून गोष्ट तिथेच येते.

कुजलेलं खत मिळालंच नाही तर?

तर शंभराऐवजी वीस झाडं लावा. वीस झाडांपुरतं गांडूळखत कुठेही मिळतं. उरलेली कलमं पिशवीतच सावलीत ठेवा, चार महिने काही होत नाही. पण दिवाळी जवळ आली म्हणून कच्च्यावर लावू नका. तारीख चुकली तर एक हंगाम जातो, कच्चं घातलं तर झाडंही जातात आणि वाळवीने भरलेली जमीन तेवढी उरते.

वाळूला धरबंद कसा आणायचा

नुसता खड्डा चांगल्या मातीने भरणं ही दुसरी चूक. मुळं त्या खड्ड्यातच गोल फिरतात, बाहेरच्या वाळूत जात नाहीत, म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडीच झाली. तीन-चार फूट रुंदीचा पूर्ण वाफा सुधारा. गोड्या पाण्याच्या तळ्यातला गाळ दोन इंच आणि कुजलेलं खत एक इंच पसरून फूटभर खोल मिसळा. गुंठ्याला गाळ साधारण पावणेदोन-दोन ब्रास लागतो, खत त्याच्या निम्मं. गाळाची ढेकळं आधी फोडा, वाळूत गेलेलं ढेकूळ ढेकूळच राहतं.

खाडीचा गाळ फुकट मिळाला तरी नको. काळाभोर, तुळतुळीत, बघून मोह होतो, पण त्यातलं मीठ गुलाबाला मारतं. मी गाळ पाण्यात कालवून वरची निवळी जिभेच्या टोकाला लावून बघतो. शास्त्रीय नाही, पण अजून फसलो नाही. काथ्याच्या भुशालाही तेच लागू. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुशात मीठ असतं, दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्या. मासळीची कुटी माडाला सोन्यासारखी, पण नव्या गुलाबाच्या खड्ड्यात नको. मीठ असतंच, शिवाय कुत्री खड्डे उकरतात.

आपल्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर कोरड्या वाळूवर लिंबू पिळा, फसफसलं तर चुना भरपूर. अशा जागी पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, तो लोहाचा प्रश्न. तिथे युरिया टाकून काही होत नाही आणि राखही घालू नका.

दुकानात 'वाळूत पाणी धरून ठेवणारी' जेलची पावडर मिळते. शेतीत तिचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण ती पाणी पिऊन फुगते ती गोड्या पाण्यात. मचूळ पाण्यात तिची ताकद खूपच कमी होते, आणि आपल्या विहिरी मार्चनंतर कशा होतात ते मी सांगायला नको. दाणेदार ह्युमिक आम्लाच्या पोत्यावरही पैसे घालू नका. त्या पैशात गाळाची एक खेप येते, आणि गाळ पुढच्या पावसात वाहून जात नाही.

सोडणांची एक गोष्ट मी करतो, गुलाबासाठी कुठे छापलेली पाहिली नाही. माडाच्या आळ्यात सोडणं पुरायची रीत जुनीच. गुलाबाच्या खड्ड्याच्या तळाला गोड्या पाण्यात आठ दिवस भिजवलेली सोडणं, पोकळ बाजू वर करून, एक थर लावतो. उन्हाळ्यात त्या झाडांना पाणी थोडं कमी लागतं असं मला वाटतं. मोजलेलं नाही.

लावताना

- खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. आदल्या दिवशी वाळू भिजवा, नाहीतर कडा ढासळतात.
- दोन झाडांत अडीच फूट, दोन ओळींत तीन फूट.
- खड्ड्याला कुजलेलं खत १० किलो, निंबोळी पेंड पाव किलो (पेंडीचा आकडा माझा).
- ट्रायकोडर्मा (मुळकूज रोखणारी बुरशी) १०० किलो कुजलेल्या खतात १ किलो, आठवडाभर सावलीत ओलं ठेवून मग वापरा.
- डोळा जमिनीच्या चार बोटं वर. वाळू बसतेच, दोन बोटं त्यात जातात.
- वाफ्याच्या कडेने झेंडू. पुळणीत सूत्रकृमी जास्त, झेंडूने कमी होतात.
- लावणी संध्याकाळी.

इथे एका गोष्टीला थांबतो. रोपवाटिकेतल्या पिशवीत लाल चिकट माती असते. तो गोळा तसाच वाळूत ठेवला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं, तरी पाणी गोळ्याला वळसा घालून वाळूतून खाली जातं. वरून सगळं ओलं, आतला गोळा ठणठणीत कोरडा. लोक शपथेवर सांगतात की रोज पाणी देतो, आणि खरंच देत असतात. लावण्याआधी पिशवीसकट गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पिशवी फाडून गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा आणि आजूबाजूला गाळ-खत मिसळलेली मातीच भरा.

पाणी आणि खत

- पहिले पंधरा दिवस रोज सकाळी २ लिटर, नंतर दिवसाआड ४ ते ५ लिटर.
- ठिबक असेल तर झाडाला दोन तोट्या, खोडाच्या दोन्ही बाजूंना. वाळूत पाणी पसरत नाही, गाजरासारखं सरळ खाली उतरतं.
- आच्छादन तीन इंच: पातेरा (गळलेली सुकी पानं), पेंढा, झावळ्यांचे तुकडे. खोडापासून चार बोटं मोकळी ठेवा, वाळवी चढू नये म्हणून.
- पहिल्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी नाही. फक्त सुकलेलं कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).
- खुंटाचा फुटवा कापू नका, माती बाजूला करून मुळातून ओढून काढा.
- काळे ठिपके: मँकोझेब १० लिटरला २५ ग्रॅम. भुरी: पाण्यात मिसळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम, भर उन्हात नको. फुलकिडे: ५ टक्के निंबोळी अर्क.

रासायनिक खताचा तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा आकडा झाडाला ६ ग्रॅम नत्र, १२ ग्रॅम स्फुरद, १२ ग्रॅम पालाश असा आहे. म्हणजे १३ ग्रॅम युरिया, ७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २४ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. किनाऱ्यावर म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड असतं आणि ते इथे आधीच पुरेसं आहे. सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळी एकदम चालेल. युरिया आणि पालाश मात्र नवी फूट दिसल्यावर चार हप्त्यांत, पंधरा-पंधरा दिवसांनी. वाळूत एकदम दिलेला युरिया तुमच्या विहिरीत जातो.

विहिरीचं पाणी आत्ता एकदा तपासा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा. क्षारतेचा, म्हणजे ईसीचा आकडा १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेपर्यंत मी काळजी करत नाही. वर गेला तर रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन दिवसांनी भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांखाली उतरतं. पानांवर मात्र ते पाणी मारू नका.

ढीग आजच लावा

पुढच्या ऑक्टोबरचं खत या ऑक्टोबरात सुरू होतं. वाडीच्या सावलीच्या कोपऱ्यात ताजं शेण, पातेरा आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला एकाआड एक थरांनी छातीएवढा रचा. टनाला १ किलो कंपोस्ट कल्चर, वरून शेणकाला. मूठ दाबल्यावर बोटांतून थेंब दिसेल इतकी ओल कायम ठेवा, दर तीन आठवड्यांनी परता. वरून झापांनी झाका. मेअखेर वळवाचे ढग दिसले की झापांवर बारीक जाळी टाकून कडा मातीने दाबा. पहिल्या सरीनंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगे जमिनीतून वर येतात, कडुलिंब-बोरीवर जमतात. ते चार-पाच दिवस दिवेलागणीला फांद्या हलवून भुंगे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत पाडा. शेजाऱ्यालाही हाक मारा, त्याच्या बोरीवरचे भुंगे रात्री तुमच्याच ढिगाकडे येणार आहेत.