मांजर त्याच्या वाळूच्या ट्रेबाहेर लघवी करतंय?
ओरडण्याआधी एक बघा: ते सारखं ट्रेमध्ये जाऊन बसतंय, कण्हतंय आणि थेंबभरच लघवी होतेय का? मग प्रश्न सवयीचा नाही, दुखण्याचा आहे. बोक्याची लघवी पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्याला तडक डॉक्टरकडे न्या.

तब्येत ठीक असेल, तर खराब झालेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने (लघवीचा वास मुळापासून घालवणाऱ्या) पुसा. फिनाइल अजिबात नको, ते मांजरांना विषारी असतं. अमोनियावाल्या क्लीनरचा वास तर त्यांना लघवीसारखाच वाटतो, म्हणजे पुन्हा तिथेच आमंत्रण! ट्रे रोज साफ करा, वाळू बिनवासाची घ्या. दोन मांजरं असतील तर ट्रे ३ ठेवा, तेही वेगवेगळ्या जागी. झाकणाचा ट्रे आपल्याला नीटनेटका दिसतो, पण काही मांजरं त्यात पाऊलही टाकत नाहीत.